बेंचवरचा पोरगा

आजारी माणसाला भेटायला जाताना लोक फळं नेतात. केदार एक रनिंग बॅक घेऊन गेला.

बायपासनंतर दिगंबरकाका अमेरिकेत, मिशिगनच्या ट्रॉयमधल्या आपल्या घरी परतले होते. २००७चा ऑक्टोबर, घरामागच्या लाकडी डेकवर कोवळं ऊन. मांडीवर लॅपटॉप, शेजारी शुभाकाकूंनी केलेला बिनमिठाचा उपमा, तो तसाच. तिथल्या मराठी मंडळातल्या दहा हौशी लोकांची अमेरिकन फुटबॉलवरची फँटसी लीग होती, तीही डायनॅस्टी. म्हणजे आपल्या कागदी संघात घेतलेला खरा खेळाडू वर्षानुवर्षं आपलाच. तो रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा असेल, तर मैदानात जितका पळेल तितके गुण आपले. काका आजवर एकदाही जिंकले नव्हते. नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं, म्हणजे रूकी, उचलायची आणि बेंचवर बसवून वाट बघायची, हा त्यांचा खाक्या.

"काका, तुमचा तो रूकी मला द्या," केदार म्हणाला. "माझा टॉपचा रनिंग बॅक तुम्ही घ्या. या सीझनला ट्रॉफी तुमचीच."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "डोकं फिरलं का रे तुझं? माझा पोरगा परवा दोनदा बॉल सोडून बसला."

"तेच तर म्हणतोय. तो तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतील."

"मग?"

या 'मग'ला केदारकडे उत्तर होतं, पण ते तोंडावर कसं सांगणार? एकदा तरी काकांच्या हातात ती ट्रॉफी बघायची होती त्याला, उशीर व्हायच्या आत.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विषय बदलला आणि आणखीच फसला.

काकांना हसू फुटलं. टाके दुखू लागले तशी हॉस्पिटलने दिलेली उशी छातीशी घट्ट धरून ते पुन्हा हसले.

"अरे, नव्या पोराला पहिल्याच वर्षी जोखतात का? पडू दे, मार खाऊ दे. आपण नुसतं बसून राहायचं. सध्या मला ते मस्त जमतंय."

"पण काका..."

"तुला ट्रेडच करायचाय ना? माझा तो तिशीचा घे." या खेळात तिशी म्हणजे म्हातारपण. "अजून बरा पळतो. बदल्यात २०१०च्या ड्राफ्टमधला तुझा पहिला पिक मला दे." म्हणजे त्या वर्षी नवी पोरं वाटून घेताना केदारची पहिली निवड काकांची.

"दोन हजार दहा? त्या पोरांना अजून नीट मिशासुद्धा फुटल्या नसतील!"

"फुटतील की. मला कुठे घाई आहे?"

दारात उभ्या काकूंनी हसू लपवायला तोंडाला पदर लावला. केदारने मुकाट्याने मान डोलावली. काकांनी ट्रेडचं पान उघडलं, माउसवर बोट ठेवलं आणि थबकले.

"पण काय रे," त्यांनी काळजीने विचारलं, "तेव्हा तू इथे असशील ना? तुझा व्हिसा कधी संपतो?"