बाबांची पेटी

"पेटी खाली ठेव, नाहीतर हात तोडीन," खोआन म्हणाला. त्याच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता.

धाकट्या थुअतनं मातीची पेटी छातीशी आणखी घट्ट धरली. बूट चिखलानं माखलेले, अंगावर फ्रेंचांच्या पलटणीचा गणवेश. बाबांच्या अस्थींची पेटी त्यानं नुकतीच शेतातून उकरून आणली होती. बांधावर सोबत्यांचा ट्रक थांबला होता. हायफाँगला दक्षिणेकडं जाणारी बोट धरायची होती.

"मे महिन्यात दिएन बिएन फूला फ्रेंच साहेब हरला. जुलैत जिनिव्हात देशाचे दोन तुकडे पाडले. आता साहेबाशी लढणारी ती जंगलातली माणसं इकडं उत्तरेत, हनोईत येणार," थुअत म्हणाला. "त्यांनीच बाबांना मारून नदीत फेकलं. त्यांच्या राज्यात ठेवू बाबांना?"

"बापाचं सगळं थोरल्यानं करायचं असतं. तू साहेबाचे बूट चाट जा."

"आणि तू? त्यांच्या लाल झेंड्यावर तारा शिवत बसलायस! बापाच्या मारेकऱ्यांचा झेंडा!"

"मेलेला बाप परत येत नाही. ते वाटतील ती जमीन येईल."

सख्ख्या भावांचं असलं भांडण वैऱ्याच्या घरीही नको. आई मात्र चुलीपुढून हलली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी नदीत प्रेत सापडलं, तेव्हा तोंड माशांनी खाल्लेलं होतं. आईनंच सदऱ्यावरून ओळखलं. त्याआधी फ्रेंचांच्या चौकीचे शिपाई सारखे बाबांची चौकशी करायला यायचे, ठेंगण्या दाराला कपाळ आपटून शिव्या घालायचे. त्यानंतर त्यांचं येणं बंद झालं. पुढं रिवाजाप्रमाणे मुलांनी हाडं उकरली, सुवासिक पाण्यानं धुतली, पेटीत रचली आणि पेटी पुन्हा शेतात पुरली. आई तेव्हा घरात भात कांडत बसली होती. गावानं नावं ठेवली. मेलेल्याचा भात पितरांच्या देव्हाऱ्यावर ठेवतात, ही बाई रोज एक वाडगा चुलीपाशी झाकून ठेवायची.

"आई, तू तरी सांग याला!" खोआन ओरडला.

"नेऊ दे त्याला पेटी."

खोआनचा कोयता खाली आला. आई उठून थुअतपाशी गेली.

"पेटी ने हवी तर, पण तू जाऊ नको रे. चार दिवस थांब."

"कशाला? त्यांच्या गोळ्या खायला?"

तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग तिची नजर गणवेशावर गेली, बांधावरच्या बंदूकवाल्यांवर गेली. ती बाहीनं पेटीवरची माती पुसू लागली. ट्रकचा भोंगा वाजला.

"आजपासून तुम्ही दोघं मला मेलात," थुअत म्हणाला आणि मागं न बघता निघून गेला. आई बांधापर्यंत अनवाणी धावली. ट्रक थांबला नाही.

जंगलातल्यांची पलटण गावात आली त्या सकाळी खोआन झेंडा घेऊन रस्त्यावर गेला. आई घरीच राहिली.

टायरच्या चपला घातलेला, केस पिकलेला एक सैनिक कुणालाही न विचारता अंगणात आला. ठेंगण्या दारातून बरोबर वाकून आत शिरला. चुलीपाशी बसून त्यानं झाकलेला वाडगा पुढं ओढला आणि जेवू लागला. आईनं त्याच्यापुढं पाणी ठेवलं.

"पोरं कुठंयत?" त्यानं विचारलं.

"थोरला तुमच्याच स्वागताला गेलाय."

"आणि धाकटा?"

"तुमच्या अस्थी घेऊन दक्षिणेला गेला."