मुठीतले वाटाणे

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: एक कण भिंतीतून धावतोय, प्रत्येक विटेत थोडी ऊर्जा सोडतोय. अशा कणांची ऊर्जा मोजणारं खरं यंत्र बांधण्याआधी आई संगणकात ही रंगीत तालीम घेत होती. विटांमधली बेरीज कणाच्या मूळ ऊर्जेपेक्षा दरवेळी कमी भरायची. ती जुळेपर्यंत लेकीची सहल लांबणीवर पडली होती. "मलाही दाखव," लेक हटून बसली. थकलेल्या आईने वाट्या ओळीने मांडून तिच्या मुठीत वाटाणे दिले. "तू कण, वाट्या म्हणजे विटा, वाटाणे तुझी ऊर्जा. लंगडी घालत वाटीवाटीत एकेक टाक. दमून पाय टेकलास की बाद." "का?" "दमलेल्या कणामागे कोण धावणार? माझा प्रोग्रॅम त्याला सरळ काढून टाकतो." लेकीने अर्ध्यातच पाय टेकला. "बाद," आई डोळे चोळत म्हणाली. "मी बाद. पण हे वाटाणे कुठे बाद झालेत?" आईचा हात थांबला. लेकीने उरलेले सगळे पायाजवळच्या वाटीत ओतले, आणि आई संगणकाकडे वळली: बाद कणाची उरलेली ऊर्जा त्याच्या विटेत धरायचीच राहिली होती.