गोल लूमवरची टोपी

“तुम्ही लोक माझ्या आईची टोपी उसवताय! मॅनेजरबाई, थोडी तरी लाज बाळगा!”

इंग्लंडमधल्या मेडनहेडहून सुयशराव फोनवर ओरडत होते. आई दूर लेस्टरच्या केअर होममध्ये, वृद्धाश्रमात. तिथे वरणभात मिळतो, म्हणून तिथे ठेवली, असं ते सगळ्यांना सांगायचे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई विणकाम दाखवायची आणि दर रविवारी टोपी अर्धीच.

आईची बोटं आखडलेली, तिला सुया धरवत नाहीत, म्हणून सुयशरावांनीच सुयांशिवाय विणायचा, खुंट्यांचा गोल लूम आणून दिला होता. “आई, माझ्यासाठी एक टोपी विण. ती झाली की तुला घरी न्यायला येतो.” नवशिकी म्हातारी, उन्हाळ्यापर्यंत तरी आपण निवांत, असा त्यांचा हिशोब.

“हे बघा, लूमवर टोपी नवशिक्याचीसुद्धा दोन दिवसांत होते,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “आशाकाकूंचीही झाली. तुम्हाला लगेच फोन केला, तर तुम्ही म्हणालात, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू. काकू कोट घालून, बॅग मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत दाराशी बसल्या होत्या.”

“मग टोपी उसवतं कोण?”



“त्या स्वतःच. म्हणतात, टोपी अर्धी असली की माझ्या सुयशचा शब्द खोटा पडत नाही. आता तुम्ही सांगा, कधी येताय?”