न हलणारी खूण

"तुमच्या खात्यानं खोटं लिहिलंय, साहेब. दोन वर्षं नुसतं खोटं लिहिताय तुम्ही."

शाळेच्या जयमालाबाईंनी अहवाल इंजिनिअर साहेबांच्या हातात परत कोंबला. इमारतीचा खचाव नगण्य, वर्ग वापरण्यास हरकत नाही. खाली शाळा समितीच्या सहीला जागा सोडलेली. सही पडली की सोमवारपासून एकतीस पोरं परत त्या खोलीत.

त्या खोलीच्या कोपऱ्यातल्या तड्यात दिवाळीला बाईंच्या पट्टीची नुसती कड जायची. आता पट्टी आरपार जात होती आणि फटीतून पलीकडचा ऊस दिसत होता.

कोल्हारच्या खालच्या अंगाची ही नदीकाठची काळी जमीन. ऊस दणकून येतो, पण घर बांधायचं तर माणूस दहादा विचार करतो. भार पडला की ही माती एका दिवसात बसत नाही, वर्षानुवर्षं दबत राहते. वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. खात्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

साहेबांनी पातळी मोजायची दुर्बीण पुन्हा तिकाटण्यावर चढवली. आधी आवारातल्या टाकीच्या खांबावरची लाल खूण बघितली, मग खोलीचा फाटलेला कोपरा. वही उघडून दाखवली. पाचवी भेट. फरक दोन मिलिमीटर.

समितीचे अध्यक्ष उत्तमराव तोंडातली सुपारी थुंकून म्हणाले, "भिंत फाटून हात हात झाली आन तुमचा आकडा जागचा हलंना. दुर्बिणीला मोतीबिंदू झालाय का बघा की एकदा."

"आकडे माझ्या मनाचे नाहीत हो," साहेब म्हणाले.

आणि ते खरंच होतं. साहेब कुणाचा चहासुद्धा फुकट पीत नव्हते. असल्या माणसाशी भांडायचं कसं, तेच बाईंना कळत नव्हतं. त्या खोलीकडं जायच्या, परत यायच्या, पट्टी या हातातून त्या हातात घ्यायच्या. पोरं टाकीखाली बसून पाढे म्हणत होती. सहा खांबांची पाण्याची टाकी, तीन वर्षांमागं बांधलेली. पहिल्याच भेटीत साहेब म्हणाले होते, "एवढी भीती वाटत असेल तर टाकीखाली बसवा. आवारात तिच्याइतकं भक्कम काही नाही." तेव्हापासून वर्ग तिथंच. सावली सरकली की पोरंही सरकायची.

खोटं पकडायला म्हणून बाईंनी आज सहादेव गवंड्याला बोलावलं होतं. टाकीचा पाया त्याच्याच हातचा. तो सकाळपासून पाणी भरलेली प्लास्टिकची नळी घेऊन आवारातल्या जुन्या विहिरीपाशी काहीतरी करत होता. तिथून त्यानं हाक मारली. सगळे गेले.

"घावलं का खोटं?" उत्तमरावांनी विचारलं.

"खोटं न्हाई. साहेबाचा आकडा बराबर हाय."

बाई उसळल्या. "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच!"

"आवो, ऐका तर. पाया घातला तवा टाकीच्या जोत्याची लेव्हल म्या हितं आणून मारली हुती, छिन्नीनं. माजी सवयच हाय तशी. ही विहीर खडकावर बांधल्याली हाय, ही कुठं जातीय?" त्यानं कठड्याच्या दगडावरच्या रेघेवरची धूळ बोटानं पुसली. मग साहेबांकडं वळला. "तुमी शाळा कशावरनं मोजता?"

"टाकीच्या खांबावरच्या खुणेवरून."

"आन टाकी?"

साहेब हसले. "टाकी कशाला मोजायची? टाकीवरून तर बाकी सगळं मोजतो."

सहादेवनं नळीचं टोक दगडाला लावलं. नळीचं दुसरं टोक टाकीच्या जोत्याला बांधून ठेवलं होतं, जोत्याच्या वरच्या कडेला पाणी धरून. या टोकाचं पाणी रेघेला टेकायला हवं होतं. ते खाली थांबलं. त्यानं पाणी आणि रेघ यांच्यामध्ये आपली बोटं आडवी ठेवली. दोन बोटं बरोबर मावली.

साहेबांनी वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. वहीची पानं मागं पलटली, पुढं पलटली. तडा ज्या कोपऱ्याला, तो टाकीला लागून. मोजला होता तो तेवढाच कोपरा. टाकी आपल्या वजनानं माती दाबत खाली चालली होती आणि शेजारचा कोपरा बाकी शाळेपासून तोडून सोबत ओढत होती. दोघं बरोबरीनं खचत होते, मग फरक पडणार कुठून?

मोटर चालू होती. टाकीत पाणी चढत होतं.

बाई पळत सुटल्या. "उठा! दप्तरं तिथंच राहू द्या! विहिरीकडं पळा, आधी विहिरीकडं!" पोरांना वाटलं साप निघाला. ती हसत, ओरडत, एकमेकांना ढकलत आली. उत्तमराव धोतर सावरत मोटर बंद करायला धावले. बाईंनी पोरं मोजली. एकोणतीस भरली. पुन्हा मोजली. दोघं पाण्याच्या नळीशी खेळत कठड्यामागं बसलेली. एकतीस.

साहेब होते तिथंच उभे होते. अहवाल घडी घालून खिशात ठेवायला निघाले, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या दुसऱ्या हातातली वही धरली.

"तुम्ही खोटं लिहिलं नाही, साहेब. माझे शब्द मी मागं घेते. तुमच्या शब्दावर पोरं मीच टाकीखाली नेली, ते माझं मी बघीन. पण हे गाव सोडायच्या आधी मला एवढं सांगा. या वहीत अशाच खुणेवरून मोजलेल्या अजून किती शाळा आहेत?"