दोन झाकणं

धाकटीनं रंगाच्या डब्यांची दोन झाकणं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला. थोरलीनं चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं.

डबा कालवून झाला की झाकणावर त्या रंगाचं एक बोट ओढायचं, ही रंगारीकाकांची जुनी पद्धत. दोन्ही झाकणांवर काल रंगवलेल्या ऑफिसचं नाव होतं. एकावर ‘नमुना’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘भिंत’. आणि दोन बोटांचा रंग एक नव्हता.

“नमुना तुझ्या चिठ्ठीप्रमाणे आहे,” धाकटी म्हणाली. “भिंतीला मात्र निळा निम्माच घातलाय.”

थोरलीनं दोन्ही झाकणं उचलून खिडकीशी धरली. बावीस वर्षं रीत एकच होती. कुठल्या रंगाची किती मापं हे तिनं चिठ्ठीवर लिहायचं आणि काकांनी ती मोजून डब्यात ओतायची. ऑफिसं, हॉटेलं, शोरूम, सगळीकडे. पुढच्या वर्षी भिंती कुठल्या रंगाकडे वळणार हे थोरलीला आधी कळतं, असं धंद्यातली माणसं म्हणत. सगळे करड्याच्या मागे लागले होते तेव्हा तिनं मातकट रंग लावून दाखवले, आणि वर्षभरात बाकीचे मुकाट्यानं तिच्या मागे आले. तिच्यापाशी विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. होती ती नजर.

तिनं काकांना बोलावून घेतलं.

“चिठ्ठीप्रमाणे नाही घातला?”

“नाही घातला.”

“आणि असं कितीदा केलंत?”

काकांनी एकदा धाकटीकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. “पुष्कळदा. पण ताई, तुमचं नाव मी कधी खाली पडू दिलं नाही.”

हे मात्र थोरलीला झोंबलं. म्हणजे नाव यांच्या हातावर उभं होतं की काय? गेली काही वर्षं तयार भिंती तिला पिवळट वाटत आणि ती आजकालच्या दिव्यांना शिव्या घालत बसे. दिवे बिचारे निर्दोष होते. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यानंच केसानं गळा कापला होता. उद्यापासून येऊ नका, असं तिनं सांगून टाकलं. रडू आलं ते काका जिना उतरून गेल्यावर.

धाकटीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. “तुझी नजर ती तुझी नजर, ताई,” ती म्हणाली. मग तिनं कॅलेंडरवर दंतवैद्याच्या पाहणीची तारीख लिहिली आणि सवयीनं आकड्याभोवती पेन्सिलीचा गोल काढला. शाळेच्या वहीतसुद्धा तिचे आकडे असे गोलात कोंडलेले असायचे. आकडे पळून जातात का गं, असं थोरली तिला तेव्हापासून चिडवत आली होती.

दंतवैद्याचं काम आजवरचं सर्वांत मोठं. त्याचे दवाखानेही नेमके बत्तीस, आणि त्यावर दोघी बहिणी पोट धरून हसल्या होत्या. सगळ्या दवाखान्यांना एकच रंग, ओल्या वाळूचा. खुर्चीत बसलेल्याची धडधड जरा कमी व्हावी असा. पहिली खोली पसंत पडली की बाकीचे दवाखाने आपलेच.

नव्या रंगाऱ्यानं थोरलीच्या चिठ्ठीबरहुकूम, मापाला माप लावून खोली रंगवली. थोरली एकटीच आत जाऊन उभी राहिली. भिंत कुठेही पिवळट नव्हती. किती दिवसांनी मनातला रंग जसाच्या तसा समोर आला होता.

दंतवैद्य आला. रुग्णाच्या खुर्चीत बसला, समोरच्या आरशात पाहिलं आणि उठला.

“मी ओली वाळू मागितली होती. ही भिंत निळी आहे. या उजेडात मीच आठ दिवस तापानं पडल्यासारखा दिसतोय.”

थोरलीला हसूच आलं. निळी? बहिणीलाही हसू आलं असेल म्हणून तिनं मागे पाहिलं.

“निळीच आहे, ताई,” धाकटी हळूच म्हणाली.

असू द्यावा म्हणून एक नमुना आपण स्वतः केला होता, असं म्हणत तिनं पिशवीतून एक फळी काढली. दंतवैद्यानं ती खिडकीपाशी नेली आणि मान डोलावली. बत्तीस दवाखाने धाकटीच्या नावावर झाले.

डोळ्यांच्या डॉक्टरकडेही धाकटीनंच नेलं, हाताला धरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कमीत कमी चार वर्षांचा, असं डॉक्टर म्हणाले. पिवळ्या काचेतून जग बघताय, म्हणून तो पिवळेपणा मारायला निळा जास्त घालत असणार.

थोरली खुर्चीतच गार पडली. काकांना हे कळलं होतं. ते दरवेळी निळा कमी करून तिची बाजू सावरत होते, आणि तिनं त्यांना हाकलून दिलं. विश्वासघात झालाच असेल तर तो तिनं केला होता. शरमेनं तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांच्या घरी गेली. ते ओट्यावर ब्रश धूत होते. तिनं हात जोडून माफी मागितली. काका ओशाळले.

“माझं कसलं कौतुक, ताई? मी हुकमाचा ताबेदार. लिहिलंय तेवढं घालतो. तुमच्या डोळ्यांचं मला कुठून कळणार?”

“मग निळा कमी का केलात?”

“सांगणार नाही असा शब्द दिला होता.” काका आत गेले, एक वही आणून तिच्यापुढे ठेवली आणि पुन्हा ब्रश धुवायला बसले.

पानापानावर थोरलीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. चार वर्षांच्या. प्रत्येक चिठ्ठीवर निळ्याचा आकडा खोडून शेजारी पेन्सिलीनं दुसरा लिहिला होता, आणि प्रत्येक नव्या आकड्याभोवती गोल होता. शेवटच्या पानावर झाकणांवरचंच ऑफिस होतं. चार खोडून दोन, गोलात. खाली लिहिलं होतं, ‘काका, ताईला कळू देऊ नका, तिला सोसणार नाही.’ तारीख होती झाकणं टेबलावर आली त्याच्या आदल्या दिवसाची.