डाव्या गुडघ्याचा वाटा

सकाळी शिलाई मशीनवर बसल्यावर सुलभा म्हात्रेच्या लक्षात आलं, की डावा गुडघा दुखत नाहीये. पायडल अगदी हलकं फिरत होतं.

तिच्या गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं. दुखणं होतं पेणच्या कबड्डी संघातल्या निषाद भोईरचं. खेळाडूंच्या वेदना चाहत्यांनी मनगटपट्टीतून वाटून घ्यायची सोय झाल्यापासून जायबंदी खेळाडूही मैदानात उतरू लागले होते. पहिल्या वर्षी निषादचे वाटेकरी हजारोंनी होते, तेव्हा तिला मुंगी चावल्यासारखं व्हायचं. संघ हरायला लागला तसे लोक गळत गेले. यंदा तर जिना उतरताना तिला कठडा धरावा लागत होता.

"बरा झाला वाटतं गुडघा?" नवऱ्याने चहा ठेवत विचारलं.

"त्याला संघातून काढलं."

"अगं, संघाची यादी तर अकरा वाजता लागणार आहे!"

अकरा वाजता यादी लागली. निषादचं नाव नव्हतं. पाठोपाठ पट्टीवर निरोप आला: नव्या चढाईपटूचा खांदा दुखावलाय, वाटा घ्याल का?

"सुटलीस बाई एकदाची," नवरा म्हणाला.

सुलभाने सुईखालचं कापड पुढे सरकवलं. खेळाडूला संघातून काढलं, की सगळे वाटे रद्द होतात आणि दुखणं ज्याचं त्याच्याकडे परत जातं, हे तिने सही करताना वाचलं होतं. भोईरवाडीतल्या घरी निषाद आत्ता खाटेवरून उठायला बघत असेल.

तिचा पाय पायडलवर चालतच राहिला.