रोजचा एरर

"भार्गव, आजही तेच येऊन राहिलं रे," अनंतराव फोनवर म्हणाले.

गुढियारीतल्या त्यांच्या घरात, बैठकीच्या टेबलावर लॅपटॉप काळा पडदा घेऊन बसला होता. वर एररची एक ओळ आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. लॅपटॉप सुरू होताना लिनक्स ही त्याची मूळ प्रणाली कुठे ठेवलीय ते शोधून देणारा 'ग्रब' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तोच रोज सकाळी वाट चुकत होता.

"ठीक है बाबा, बोलता हूँ. टाइप करो," पुण्याहून मुलगा म्हणाला. "सेट, स्पेस, रूट..."

"थांब, थांब. बोटं नाही चालत माझी."

भार्गव थांबला. मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळणारा माणूस, पण बापाला एकेक अक्षर सांगताना तो कधी चिडत नसे. शेवटी 'नॉर्मल' असं टाइप केलं आणि पडद्यावर रंग आले.

"चालू झालं?"

"झालं."

"आज खाने में क्या?"

"दोडक्याची भाजी."

"अच्छा. रखता हूँ."

एवढंच बोलणं. पण आधी तेवढंही नव्हतं.

भार्गवची आई कुसुमताई दवाखान्यात होत्या तेव्हा भार्गवला नुकतीच नोकरी लागली होती. पोराच्या जिवाला घोर कशाला, म्हणून अनंतरावांनी त्याला काही कळवलं नाही. परगावच्या मुलांना वाईट बातमी सगळ्यात शेवटी सांगायची, ही त्यांच्या घरातली रीतच होती. 'आईला जरा अशक्तपणा आहे' एवढंच ते म्हणत राहिले. भार्गव आला तो थेट महादेवघाटावर, अग्नी द्यायला.

"मले काहून नाही सांगितलं?" तिथेच त्याने विचारलं.

 भार्गव बापाशी मराठीत बोलला तो तेव्हा शेवटचा; नंतर बाहेरच्यांशी बोलतात तशी हिंदी. मग फक्त दिवाळीला फोन, 'नमस्ते बाबा', आणि संपलं.

लॅपटॉप भार्गवचाच, जुना. विंडोज फार रखडायला लागलं तेव्हा अनंतरावांनी पंडरी बाजारातल्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर लिनक्स आणलं आणि हौसेने स्वतःच टाकलं. त्यात कुठेतरी बिनसलं. विचारणार कुणाला? धीर करून त्यांनी मुलाला फोन लावला, आणि त्याने उचलला.

तेव्हापासून रोज फोन लावताना ते ठरवायचे, आज माफी मागायची. 'नॉर्मल' टाइप होईपर्यंत शब्द ओठांवर यायचे, तिकडून 'रखता हूँ' ऐकू आलं की परत पोटात जायचे. लॅपटॉप सुधारला की हे बोलणंही थांबेल, ही धास्ती होतीच. त्यांना स्वतःची चीड यायची. रेल्वेच्या सिग्नल खात्यात हयात गेली, वादळवाऱ्यात खांबावर चढले, आणि पोटच्या पोराला एक वाक्य बोलायला जीभ रेटत नाही.

एका सकाळी त्यांची भाची मीनल आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची.

"मामा, गणपतीची पत्रिका झाली का टाइप?"

"आता करतो. आत्ताच भार्गवनं चालू करून दिला लॅपटॉप."

"चालू करून दिला म्हणजे?"

अनंतरावांनी एररचं सांगितलं. मीनलच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"रोज येते हा एरर?"

"हव, रोज."

"मग दादा काय सांगते तुम्हाले?"

अनंतरावांनी सगळ्या कमांड घडाघडा म्हणून दाखवल्या.

"आणि पुढे?"

"पुढे काय? होते चालू."

"अहो मामा, ही तर धक्का मारून गाडी चालू केल्यासारखी गत झाली. आजच्यापुरती चालली, उद्या पुन्हा ठप्प. एकदा चालू झालं की ग्रब नव्यानं बसवून द्यावा लागते. एक कमांड आहे फक्त. माझ्या फर्स्ट इयरच्या पोट्ट्यांनाही येते." मीनल आता खरंच रागावली होती. "दादाला माहीत नाही असं होऊच शकत नाही. म्हाताऱ्या माणसाले रोज काहून हैराण करून राहिला तो? थांबा, त्यालेच विचारते."

तिने फोन काढला.

"नको," अनंतराव घाईने म्हणाले. "त्याले काही नको म्हणू."

"बरं, नाही म्हणत. पण हे मी आत्ता कायमचं करून टाकते."

तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला, खटाखट कमांड लिहिली, पासवर्ड विचारला. अनंतरावांनी तो सांगितला नाही. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि तिने लिहिलेली ओळ भराभर पुसून टाकली.

"ही कमांड मले कधीचीच माहीत आहे, पोरी," ते म्हणाले. "तो सांगत नाही, म्हणून मी टाकत नाही."